जिभेची साक्ष आणि सरकारी माप : अमेरिकेतील शेतघरच्या मका-व्हिस्कीची पारख

मद्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे जी साधने येतात, ती बहुतांशी करवसुलीच्या दप्तरातील असतात. कोणत्या साली किती भट्ट्या चालू होत्या, त्यांतून किती गॅलन माल निघाला, त्यावर किती कर बसला आणि तो कोणी चुकविला, या गोष्टी सरकारने आपल्या सोयीसाठी नोंदवून ठेवलेल्या असतात. ते मद्य चाखणाऱ्याला कसे लागले, हे मात्र या दप्तरांत सापडत नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात शेतावरच्या लहानशा भट्टीत मक्यापासून गाळली जाणारी व्हिस्की हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्यावरील करांचा, कज्ज्यांचा व बंडाचा इतिहास विपुल आहे; पण ती गाळणारा शेतकरी आपला माल चांगला की वाईट हे कशावरून ठरवीत असे, याची चर्चा विरळाच आढळते. हे शेतकरी लिहिणारे लोक नव्हते. त्यांनी मागे ठेवले ते आपल्या कामाचे शब्द. त्या शब्दांची कायद्याच्या भाषेशी तुलना केली, तर पारखीचा अधिकार प्रथम कोणाकडे होता व तो त्याच्या हातून कसा निसटत गेला, हे बऱ्याच स्पष्टपणे दिसू लागते.

प्रथम नावातील दोन शब्द घ्यावेत. ‘कॉर्न’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कोणतेही धान्य असा आहे. इंग्लंडमध्ये तो बहुधा गव्हाला आणि स्कॉटलंडमध्ये ओटला लावला जाई. मेक्सिकोच्या दक्षिण भागात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आलेला मका उत्तर अमेरिकेत पसरला होता. इंग्रज वसाहतवाल्यांनी तो पाहिला तेव्हा त्यांनी त्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले, आणि पुढे विशेषण गळून पडून ‘कॉर्न’ म्हणजेच मका असा अर्थ तेथे रूढ झाला. ज्या प्रदेशाचे जे मुख्य धान्य, त्याने सामान्यनाम बळकावावे, हा भाषांतील नित्याचा प्रकार आहे. संस्कृतात ‘धान्य’ सर्वसामान्य असले तरी पूर्व विदर्भातील शेतकरी ‘धान’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भातच असतो. ‘व्हिस्की’ हा शब्द मात्र दुरून आलेला आहे. गेलिक भाषेतील ‘उश्के बाहा’, म्हणजे जीवनाचे पाणी, या जोडशब्दाचे ते झिजलेले रूप होय. आणि तो जोडशब्दही मध्ययुगीन लॅटिन ‘अ‍ॅक्वा व्हिटे’ याचे शब्दशः भाषांतर आहे. त्यातील पहिल्या पदाचे नाते आपल्या ‘उदक’ शब्दाशी, तर दुसऱ्याचे ‘जीव’ शब्दाशी आहे. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदीत जॉन कॉर नावाच्या मठवासी बंधूला हे ‘जीवनजल’ करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याचा उल्लेख आहे. स्कॉटलंडमधील या मद्याविषयीची ही सर्वांत जुनी प्रसिद्ध नोंद हिशेबाच्या वहीत सापडावी, हेही सूचक आहे.

स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमधून अठराव्या शतकात अमेरिकेत आलेल्या कुटुंबांनी गाळण्याची विद्या बरोबर आणली आणि जर्मन भाषकांनी तीत आपली भर घातली. जव व राय यांची सवय असलेल्या या लोकांना डोंगरउतारावर उगवणारे मुबलक पीक मिळाले ते मक्याचे. यापलीकडे ‘पहिली मका-व्हिस्की कोणी केली’ हा प्रश्न फारसा फलदायी नाही. व्हर्जिनियातील जॉर्ज थॉर्प या वसाहतवाल्याने १६२० साली इंग्लंडला धाडलेल्या पत्रात मक्यापासून चांगले पेय करता येते असे कळविले होते. तेवढ्यावरून त्याला आद्य व्हिस्कीकार ठरविणारे लेखक आहेत. पण ते पेय गाळलेले होते असे पत्रावरून सिद्ध होत नाही. मक्याची बिअर असण्याचाच संभव अधिक. केंटकीतील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक एलायजा क्रेग याच्याकडे बर्बनच्या जन्माचे श्रेय जाते, त्याचीही हीच गत आहे. १७८९ साली जॉर्जटाऊन येथे ती प्रथम झाली हे विधान १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या केंटकीच्या एका इतिहासग्रंथात येते. त्याला समकालीन पुरावा नाही. मूळपुरुष शोधण्याची हौस कुळांच्या इतिहासात शोभते. उद्योगाच्या इतिहासात ती वाट चुकवते.

शेतकरी भट्टी का लावीत असे, याचे उत्तर वाहतुकीत आहे. सोललेल्या मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, सुमारे २५ किलो. डोंगरातून जाणाऱ्या पायवाटेने एक घोडा चार बुशेल धान्य नेऊ शके, तर व्हिस्कीच्या रूपाने तोच घोडा सुमारे चोवीस बुशेल धान्याचे मोल वाहून नेई, असा हिशेब इतिहासकार देतात. लहान भट्टीत बुशेलमागे दोन ते अडीच गॅलन व्हिस्की पडे. ती नासत नसे, उंदीर तिला खात नसत, आणि रोकड दुर्मिळ असलेल्या मुलखात ती चलनासारखी फिरे. उरलेल्या चोथ्यावर डुकरे पोसली जात. गाळणे हा वेगळा धंदा नव्हता. सुगीनंतरच्या कामांपैकी ते एक काम होते, आणि लोणी काढणे किंवा मांस खारवणे यांप्रमाणेच ते घरच्या व्यवहारात मोडे. केंटकीतील केसी परगण्यात कॅथरिन कार्पेंटर या विधवा स्त्रीने आपल्या शेतावर भट्टी चालविली. तिने १८१८ च्या सुमारास लिहून ठेवलेल्या गोड व आंबट अशा दोन्ही प्रकारच्या आंबवणाच्या कृती केंटकीच्या इतिहाससंस्थेत जपलेल्या आहेत. आंबट कृतीत आधीच्या खेपेचा गरम चोथा नव्या पिठात मिसळावयाचा असतो. विरजणाचे तत्त्व ज्याला ठाऊक आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

आता पारखीच्या मुख्य विषयाकडे वळता येईल. येथे एक समज दूर केला पाहिजे. चव घेणे म्हणजे तयार पेला ओठाला लावणे, अशी कल्पना शहरी ग्राहकाची असते. शेतघरच्या भट्टीत चाखण्याची क्रिया अगदी आरंभापासून शेवटपर्यंत चालू असे आणि ती उपभोगाची नसून कामाची असे. मक्याचे पीठ गरम पाण्यात शिजवून त्याची घट्ट पेज केली जाई. तीत मोड आणून, वाळवून दळलेले धान्य घातले म्हणजे मोडातील द्रव्यांमुळे स्टार्चची साखर होते. पेज पातळ होते आणि गोड लागू लागते. हे मोड अनेकदा मक्याचेच असत. पोते भिजवून उबेला ठेवले की कोंब फुटत. ही गोडी बोटाने चाखूनच ठरवीत. पुरेशी गोडी आली नाही तर पुढील सारी मेहनत वाया. मग किण्वन सुरू होई. हवामानाप्रमाणे ते चार दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत चाले. पिंपावर पिठाचा जाड थर तरंगे. त्याला ते ‘टोपी’ म्हणत. टोपी फुटून खाली बसली, बुडबुड्यांचा आवाज मंदावला आणि गोडी जाऊन आंबट-कडू चव आली, म्हणजे ‘बिअर’ तयार झाली. या घटकेला ती भट्टीवर चढविली नाही तर तिचे शिरक्याकडे वळण लागे. दिवस मोजून ही वेळ कळत नसे, कारण थंडीत एक खेप आणि उन्हाळ्यात दुसरी खेप वेगळ्या गतीने चाले.

तांब्याच्या भांड्याखालचा जाळ मंद ठेवावा लागे. पीठ तळाशी लागले तर करपट वास गाळलेल्या मालात उतरतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. म्हणून उकळी फुटेपर्यंत ढवळत राहावयाचे आणि मगच झाकण बसवून सांधे कणकेने लिंपावयाचे. वाफ तांब्याच्या वेटोळ्या नळीतून थंड पाण्याच्या पिंपात उतरे. या नळीचे इंग्रजी नाव ‘वर्म’, म्हणजे अळी, असे आहे. पहिल्या वेळी जे उतरे त्याला ‘सिंग्लिंग्ज’ म्हणत. ते गढूळ, कमजोर आणि चवीला ओंगळ असे. भांडे घासून ते पुन्हा गाळले म्हणजे ‘डब्लिंग्ज’ मिळे. एकवारी व दुवारी, असे मराठीत म्हणता येईल.

या दुसऱ्या धारेत खरी परीक्षा होती. प्रथम येणारे थेंब हलक्या, लवकर उडणाऱ्या द्रव्यांनी भरलेले असतात. त्यांचा वास नाकात शिरतो आणि रंगाच्या पातळकासारखी झोंबरी लहर देतो. हा भाग बाजूला काढावयाचा. मग हळूहळू झोंबरेपणा ओसरतो आणि शिजलेल्या कणसाचा, पिठाचा, किंचित लोण्यासारखा वास येऊ लागतो. जिभेवर द्रव तेलकट व गोडसर लागतो, घशात ऊब राहते. हा मधला भाग ठेवावयाचा. शेवटी धार कमजोर होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट, जड वास येतो. त्यातील जड अल्कोहोलांना रसायनशास्त्रात ‘फ्यूजेल तेले’ म्हणतात, आणि जर्मन भाषेत ‘फ्यूजेल’ याचा अर्थच हलक्या प्रतीची दारू असा आहे. म्हणजे शास्त्राची संज्ञासुद्धा पिणाऱ्याच्या तक्रारीतून आलेली आहे. धार कोठे तोडावयाची याचे दोन निर्णय घ्यावे लागतात, एक आरंभी आणि एक अखेरीस. दोन्ही निर्णयांत लोभाला वाव असतो. उशिरा तोडणारा चार पाव अधिक मिळवितो, पण माल बिघडवतो. तळहातावर थेंब चोळून वास घेणे, बोट बुडवून चाखणे आणि वेगवेगळ्या भांड्यांत माल धरून नंतर तुलना करणे, हे त्याचे उपाय होते. पहिला भाग फेकला म्हणजे सारे विष गेले, हा समज मात्र भाबडा आहे. मिथेनॉल इतक्या स्वच्छपणे वेगळे होत नाही, आणि धान्याच्या आंबवणात ते मुळातच थोडे असते.

येथे मराठी वाचकाला एक वाक्प्रचार आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘पहिल्या धारेची’ असे आपण कडक, अस्सल, निर्भेळ या अर्थाने म्हणतो. मोहाच्या भट्टीवरून हा शब्द व्यवहारात आला आणि पुढे माणसांच्या स्वभावालाही लागू झाला. मराठीत प्रतिष्ठा पहिल्या धारेला आहे, तर अमेरिकेच्या डोंगरी भाषेत ती मधल्या धारेला आहे. एका समाजाने जोर हा गुण मानला, दुसऱ्याने जोराइतकेच गोडीलाही स्थान दिले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण एका वाक्प्रचारावरून एवढी इमारत उभी करणे धाडसाचे होईल. भांडी, कच्चा माल आणि किती वेळा गाळावयाचे याची रीत, ही सर्वच दोन्हीकडे निराळी होती.

धार तोडण्याचा निर्णय ज्याच्या जिभेवर सोपविलेला असे तो नेहमी शेताचा मालकच असे, असे मात्र समजू नये. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्नन येथे १७९७ साली जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या आग्रहावरून भट्टी सुरू केली. १७९९ साली तिने जवळजवळ ११,००० गॅलन माल काढला. तीत ६० टक्के राय, ३५ टक्के मका व ५ टक्के जवाचे माल्ट असे. तेथील पाच तांब्याच्या भट्ट्यांवर राबणारे सहा पुरुष गुलाम होते. टेनेसीतील लिंचबर्गजवळ डॅन कॉल या धर्मोपदेशकाच्या शेतावर नेअरेस्ट ग्रीन हा गुलामगिरीत असलेला कसबी गाळणारा होता, आणि त्याच्याच हाताखाली जॅक डॅनियल ही विद्या शिकला. डॅनियलचे नाव बाटलीवर जगभर गेले. ग्रीनचे नाव व्यापक वाचकवर्गापुढे आले ते २०१६ साली. कौटुंबिक शेत-भट्टीचे जे प्रेमळ चित्र रंगविले जाते त्यात ‘कुटुंब’ या शब्दाखाली कोण झाकले गेले आहे, हे प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजे.

जीभ, नाक आणि डोळा यांच्या जोडीला जुनी एक परीक्षा होती आणि तिचे नाव पुढे कायद्यात गेले. इंग्लंडमध्ये मद्याचा जोर पाहण्यासाठी ते बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवीत. दारूने पेट घेतला तर मद्य कसाला उतरले; ओलसर राहून पेटली नाही तर त्यात पाणी जास्त. या परीक्षेवरून ‘प्रूफ’ हा शब्द आला. दारूची परीक्षा दारूने, हे वाक्य मराठीतच इतके नेमके जमते; कारण पेय आणि स्फोटक या दोन्हींना आपण एकच नाव देतो. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे, आणि ‘जीवनाचे पाणी’ या युरोपीय नावामागेही औषधाचीच कल्पना होती.

अमेरिकन शेतकरी मात्र बहुधा मण्यांवरून जोर ओळखीत असे. लहान बाटलीत माल घेऊन ती जोराने हलवावयाची, म्हणजे पृष्ठभागावर बुडबुड्यांची माळ उमटते. तिला ‘बीड’, म्हणजे मणी, म्हणत. मण्यांचा आकार, ते किती वेळ टिकतात, आणि द्रवात किती बुडून तरंगतात, यावरून अनुभवी माणूस मालाचा जोर सांगे. मणी अर्धा वर व अर्धा आत तरंगला तर माल शंभर प्रूफच्या, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या, जवळ आला, असा आडाखा होता. हे जरी डोळ्याचे काम असले तरी त्याला जिभेची जोड लागे, कारण मणी फसवू शकत.

१७९१ साली या घरगुती जगात सरकारचे माप शिरले. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला राष्ट्रीय कर्जासाठी उत्पन्न हवे होते. ३ मार्च १७९१ च्या कायद्याने देशी धान्यापासून केलेल्या मद्याचे जोरानुसार सहा वर्ग पाडले आणि गॅलनला ९ ते २५ सेंट कर बसविला. जोर ठरवावयाचा तो लिव्हरपूलच्या जॉन डिकासने केलेल्या हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात किती बुडते यावरून घनता दाखविणाऱ्या तरंगत्या उपकरणाने. खेड्यातील लहान भट्टीवाल्यांसाठी निराळी सोय होती : भांड्याच्या दर गॅलन मापामागे वर्षाला ६० सेंट भरावेत, किंवा प्रत्यक्ष निघालेल्या मालावर गॅलनमागे ९ सेंट. वरवर ही सवलत दिसते. पण मोठा कारखानदार त्याच भांड्यातून वर्षभर अहोरात्र माल काढून गॅलनमागचा बोजा उतरवू शके, तर सुगीनंतर काही आठवडे भट्टी लावणाऱ्या शेतकऱ्याला तो मार्ग नव्हता. शिवाय कर रोकडीत भरावयाचा होता, आणि रोकड हीच तर त्या मुलखात नव्हती.

भांड्याच्या मापावर कर बसविला म्हणजे चवीवर काय परिणाम होतो, याचा धडा स्कॉटलंडने नुकताच दिलेला होता. सखल स्कॉटलंडमध्ये १७८६ पासून भांड्याच्या आकारमानावर परवाना-शुल्क होते. तेथील कारखानदारांनी उथळ, रुंद बुडाची भांडी बनविली, ती भराभर उकळून काही मिनिटांत रिकामी होत. कराच्या दृष्टीने ही युक्ती उत्कृष्ट होती. पण अशा घाईने गाळलेल्या मालात करपटपणा व जड वास राहून जाई. माप केवळ मोजते, मोजलेल्या वस्तूला ते हात लावत नाही, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही. या प्रकरणाकडे आर्थिक इतिहासकारांनी जितके लक्ष दिले तितके चवीच्या इतिहासकारांनी दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पश्चिम पेनसिल्व्हेनियातील असंतोष वाढत जाऊन जुलै १७९४ मध्ये करनिरीक्षक जॉन नेव्हिल याचे घर जाळण्यात आले. वॉशिंग्टनने सुमारे १३,००० फौज उभी केली. बंड लढाईवाचून विरले. राजद्रोहाखाली दोषी ठरलेल्या दोघांना पुढे क्षमा मिळाली. १८०२ साली कर रद्द झाला. हे बंड अनेकदा मका-व्हिस्कीच्या नावे सांगितले जाते, ते बरोबर नव्हे. त्या भागातील व्हिस्की मुख्यतः रायची होती. मक्याचा मुलूख तो दक्षिणेकडील केंटकी, टेनेसी व कॅरोलिनाचा, आणि तेथे कराला विरोध झाला तो फौजेपुढे उभे राहून नव्हे, तर कर न भरून.

१८१४ ते १८१७ हा अल्प काळ सोडला तर पुढील साठ वर्षे शेतावरची भट्टी करमुक्त होती. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली कर परतला. आरंभी तो गॅलनला २० सेंट होता; १८६५ पर्यंत तो दोन डॉलर झाला. १८६८ च्या कायद्याने तो ५० सेंटांवर आणला, आणि त्याच कायद्यात ‘प्रूफ’ची व्याख्या आली : ज्यात आकारमानाने निम्मे अल्कोहोल आहे ते प्रूफ मद्य. बंदुकीच्या दारूशी असलेले शब्दाचे नाते येथे संपले. आजोबांच्या काळापासून चालत आलेले काम या कायद्यांनी एका रात्रीत गुन्हा बनले, असे डोंगरी लोकांना वाटले; आणि भाषेतही त्याची नोंद झाली. ‘मूनशाइन’ हा शब्द अमेरिकन नव्हे. फ्रान्सिस ग्रोझच्या १७८५ च्या अशिष्ट शब्दांच्या कोशात इंग्लंडच्या किनाऱ्यावर चोरून आणलेल्या ब्रँडीसाठी तो दिलेला आहे. ॲपलाचियन डोंगरात स्वतः गाळणारे लोक हा शब्द फारसा वापरीत नसत. हॉरेस केफर्ट १९०४ साली उत्तर कॅरोलिनात राहावयास गेला. त्याने १९१३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, तेथे या धंद्याला ‘ब्लॉकेडिंग’ आणि करणाऱ्याला ‘ब्लॉकेडर’ म्हणत. नाकेबंदी चुकवून माल नेणाऱ्याचे हे नाव आहे. त्यात युद्धाची आठवण आहे, चोरीची कबुली नाही. बाहेरचे लोक ज्याला चांदण्यातले काम म्हणत, त्याला आतले लोक वेढ्यातून वाट काढणे म्हणत.

आपल्याकडील ‘आबकारी’ शब्दातही पाणीच आहे : फारसी ‘आब’, म्हणजे पाणी, आणि त्यावरील काम. संस्कृत ‘अप्’ हा त्याचा सख्खा आप्त. मुंबई इलाख्याचा १८७८ चा आबकारी कायदा आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावर निर्बंध घालणारा १८९२ चा कायदा यांनी गावोगावच्या भट्ट्यांची जी अवस्था केली, तिचा अभ्यास या अमेरिकन उदाहरणाशेजारी ठेवून करण्याजोगा आहे. तेथे मका बेकायदा झाला नव्हता. येथे झाडाचे फूलच कायद्याच्या कक्षेत आले.

तथापि सरकारी मापाला सर्वस्वी खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. जोरदार मण्यांना भाव मिळतो हे कळल्यावर मणी बनावटही होऊ लागले. कमजोर माल हलविला असता बुडबुडे टिकावेत म्हणून कपडे धुण्याचा क्षार घालण्याचे आणि घसा पोळावा म्हणून मिरची मिसळण्याचे प्रकार केफर्टनेच सांगितले आहेत. बाजारात तर ‘मण्यांचे तेल’ याच कामासाठी विकले जाई. शेजाऱ्याच्या भट्टीतून माल घेणाऱ्याला जीभ पुरेशी होती, कारण शेजारी दुसऱ्या दिवशी भेटणार होता. शंभर मैलांवरच्या अनोळखी ग्राहकाला हायड्रोमीटरचाच आधार होता. शिवाय उपकरणे केवळ करवसुलीवाल्यांनीच आणली असेही नव्हे. केंटकीत जेम्स क्रो या स्कॉटिश वैद्याने १८२० नंतरच्या दशकांत आंबट आंबवणाच्या जुन्या रीतीला तापमापकाची व साखरमापकाची जोड देऊन एका खेपेसारखी दुसरी खेप काढून दाखविली. मापाविषयीची तक्रार खरी आहे ती एवढीच की, सरकारी हायड्रोमीटर फक्त जोर सांगतो. ज्याच्यावर कर बसतो तेच मोजले जाते, आणि जे मोजले जाते तेच हळूहळू वस्तूचे सार मानले जाऊ लागते.

हे घडले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८३० साली एनियस कॉफीने पेटंट घेतलेल्या उंच स्तंभाच्या यंत्रामुळे जवळजवळ शुद्ध, निर्गंध अल्कोहोल अखंड काढता येऊ लागले. व्यापारी त्यात थोडी व्हिस्की, रंग व सुगंध मिसळून ती व्हिस्की म्हणून विकत. मापाच्या दृष्टीने तिच्यात काहीच उणे नव्हते. १९०६ चा शुद्ध अन्न व औषध कायदा झाल्यावर प्रश्न उभा राहिला : व्हिस्की म्हणजे काय? रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली याचे म्हणणे असे की, धान्यातील वास-चवीची द्रव्ये ज्यातून काढून टाकली आहेत ते व्हिस्की नव्हे. १९०७ साली महान्यायवादी बोनापार्टने हेच मत दिले. व्यापाऱ्यांनी दाद मागितली आणि २७ डिसेंबर १९०९ रोजी अध्यक्ष टॅफ्टने निर्णय दिला. धान्यापासून केलेले निर्गंध मद्यही व्हिस्की या नावाला पात्र ठरले. मात्र ती कशाची केलेली आहे हे लेबलावर सांगावयाचे, आणि काकवीपासून केलेल्या मद्याला हे नाव नाही. टॅफ्टने लोकव्यवहारातील शब्दाचा इतिहास पाहिला, व्युत्पत्ती किंवा रसायन नव्हे. कोशकाराची ही पद्धत रास्त असली तरी, कोणाचा लोकव्यवहार, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. या वादात साक्षी झाल्या त्या मोठ्या कारखानदारांच्या, मिश्रण करणाऱ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या. डोंगरातील भट्टीवाल्याला बोलावण्याचा संभवच नव्हता. कायद्याच्या लेखी तो फरारी होता.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कायदेशीर लहान भट्ट्या बंद पडल्या, आणि बेकायदा धंद्यात घाई व बेपर्वाई शिरली. मोटारीच्या रेडिएटरातून वाफ थंड करून काढलेल्या मालात शिसे उतरून माणसे दगावली. जुन्या पारखीची परंपरा खुद्द डोंगरातही या काळात खिळखिळी झाली. बंदी उठल्यावर परवाने मिळविले ते भांडवलवाल्यांनी. त्याच सुमारास संकरित बियाण्यामुळे गावोगावचे जुने मक्याचे वाण मागे पडू लागले. चवीचे हे दुहेरी नुकसान एकाच पिढीत झाले.

१९३५ च्या कायद्याखाली निघालेल्या आणि वेळोवेळी दुरुस्त झालेल्या नियमांत मका-व्हिस्कीला स्वतंत्र व्याख्या मिळाली. आंबवणात निदान ८० टक्के मका हवा, गाळताना जोर १६० प्रूफपेक्षा अधिक नसावा, लाकडात ठेवण्याची सक्ती नाही, आणि ठेवलीच तर पिंप वापरलेले किंवा न जाळलेल्या ओकचे असावे. बर्बनला ५१ टक्के मका पुरतो, पण जाळलेले नवे पिंप अनिवार्य आहे. म्हणजे बर्बनची चव बरीचशी लाकडाची असते, तर ताज्या मका-व्हिस्कीत धान्य, पाणी, जाळ आणि धार तोडणाऱ्याचा निर्णय यांखेरीज लपण्यास जागा नाही. १६० प्रूफची मर्यादाही यासाठीच की, जोर त्याहून चढला म्हणजे कणसाचा वास उडून जातो.

न्यूयॉर्क राज्याने २००७ साली शेत-भट्टीचा स्वतंत्र परवाना सुरू केला, टेनेसीने २००९ साली अधिक परगण्यांत गाळण्यास मुभा दिली, आणि २०१७ साली संघराज्याने लहान उत्पादकांचा कर प्रूफ-गॅलनला साडेतेरा डॉलरांवरून २ डॉलर ७० सेंटांवर आणला. २०२० अखेर ही सवलत कायम झाली. जे १७९१ साली नाकारले गेले ते सव्वादोनशे वर्षांनी मिळाले, असे म्हणता येईल. काही शेतकऱ्यांनी जुने वाण शोधून काढले. दक्षिण कॅरोलिनात ‘जिमी रेड’ नावाचा लाल मका नामशेष होण्याच्या बेतात होता. एकेकाळी चोरून गाळणाऱ्यांचा आवडता असलेला हा वाण आता परवान्याच्या भट्टीत आंबवला जातो.

या परवान्याच्या भट्ट्यांत हायड्रोमीटर असतो, तापमापक असतो आणि प्रत्येक खेपेची नोंद सरकारच्या वहीत होते. तरीही धार तोडण्याची वेळ आली म्हणजे गाळणारा लहान लहान भांड्यांत माल धरतो, त्यात पाणी घालून जोर उतरवितो आणि एकेक भांडे हुंगून, चाखून ठेवण्याचे व टाकण्याचे ठरवितो. नियमालाही अखेर हेच मान्य करावे लागले आहे. व्हिस्कीच्या सामान्य व्याख्येत धान्याचे आंबवण आणि १९० प्रूफची मर्यादा सांगून झाल्यावर आणखी एक अट घातलेली आहे : गाळलेल्या मालाला व्हिस्कीचे म्हणून सर्वसाधारणपणे ओळखले जाणारे चव, गंध व गुणधर्म असले पाहिजेत. इतर अटींपुढे आकडे आहेत; या अटीपुढे आकडा नाही.